हमीदभाईंच्या लेखाखालची ओळ

हमीदभाई गेल्याचे मला मंगलताईंच्या फोनवरून कळले. शिरूरच्या माझ्या छापखान्यात मी एका लग्नपत्रिकेचे प्रूफ पाहत होतो. वधूच्या आजोबांच्या नावामागे ‘कै.’ लावायचे राहून गेले होते. ते लिहिण्यासाठी पेन टेकवले आणि फोन वाजला. मंगलताई केंदूरच्या, आमच्या प्रवास-ब्लॉगच्या गटातल्या. एरवी घरच्यांची खुशाली विचारल्याशिवाय त्या मुद्द्यावर येत नाहीत. त्या दिवशी एवढेच म्हणाल्या, "अण्णा, हमीदभाई गेले. दुकानातच. तुम्ही निघा, मी परस्पर दौंडला येते." मी पेन खाली ठेवले. माणसाच्या मनाचे मला अजूनही उमगत नाही... डोळ्यांत पाणी येण्याआधी माझ्या मनात एक प्रश्न आला, आणि दौंडला पोहोचेपर्यंत त्याने पाठ सोडली नाही. बापलेक एकमेकांशी बोलले असतील का?

हा प्रश्न मला पडावा याला कारण होते. हमीदभाई आणि त्यांचा मुलगा आसिफ यांच्यात आलेला अबोला एका लेखाखालच्या एका ओळीने आणला होता, आणि ती ओळ हमीदभाईंनी माझ्या आग्रहावरून लिहिली होती. कब्रस्तानात आसिफने माझा हात हातात घेतला, "आलात काका," म्हणाला आणि पुढच्या माणसाकडे वळला. त्याच्या चेहऱ्यावरून मला काही वाचता आले नाही. विचारण्याची ती वेळ नव्हती, आणि विचारणारा मी नसायला हवा होतो.

दौंड स्टेशनजवळच्या गल्लीत हमीदभाईंचे चष्म्यांचे दुकान होते. वडिलांनी सुरू केलेले, पाटीवर अजूनही वडिलांचेच नाव. माझ्याकडे ते प्रथम आले ते पावतीपुस्तके छापून घ्यायला, आणि गेले ते इनामगावची पांढरी, म्हणजे जुन्या वस्तीचे टेकाड, माझ्या डोळ्यांपुढे उभी करून. ताम्रपाषाण काळातल्या घरांविषयी ते बोलत होतेच, पण त्या टेकाडालगत शेळ्या राखणारी बाई घोड नदीचे पाणी चढले की शेळ्या कुठे बांधते, हेही त्यांनी विचारून घेतलेले होते. मी म्हणालो, हे लिहा. "मी काचा घासणारा माणूस," ते म्हणाले. पण पुढच्या आठवड्यात लेख आला. घोड आणि भीमा या दोन नद्यांच्या काठाने हिंडणाऱ्या आम्हा हौशी मंडळींची ‘काठाकाठाने’ ही वेबसाइट तेव्हा नुकतीच सुरू झाली होती. दार एक, पाने ज्याची त्याची, अशी तिची रचना. मुखपृष्ठ मी सांभाळत असे, म्हणून हमीदभाई मला चेष्टेने ‘संपादकसाहेब’ म्हणत आणि मी ते थोडेसे खरे मानत असे.

काही महिन्यांतच ढाबेवाले, लॉजवाले, शेतावरचे पर्यटनवाले आम्हाला बोलावू लागले. जेवा, राहा आणि चार शब्द बरे लिहा. तेव्हा छापखान्यात बसून आम्ही एक धोरण ठरवले. त्याचा मसुदा माझा होता आणि त्याचा मला अभिमान होता. ज्यांच्याविषयी लिहायचे त्यांच्याकडून काही घ्यायचे नाही. लेख दुसऱ्या एका सदस्याने वस्तुस्थितीपुरता तपासायचा, मात्र लेखकाच्या संमतीशिवाय एक शब्दही कुणी हलवायचा नाही, संपादकानेही नाही. दुरुस्ती करावी लागली तर ती लपवायची नाही, कारणासह लेखाखाली ठेवायची. आणि त्या ठिकाणाशी लेखकाचे नातेगोते, व्यवहार, लागेबांधे असतील तर लेखाखाली एका ओळीत ते सांगायचे. यावर हमीदभाई म्हणाले होते, "संपादकसाहेब, आपल्या दोन तालुक्यांत नाती लिहायची म्हणजे लेख एक पान आन् नाती चार पानं व्हतील." सगळे हसले. मत मात्र त्यांनी बाजूनेच दिले.

पहिला नियम पाळणे सगळ्यांत अवघड होते. आपल्याकडे दारात आलेल्याला चहा पाजल्याशिवाय कुणी सोडत नाही, आणि नको म्हटले तर तो घराचा अपमान होतो. आम्ही बाकीचे पळवाटा शोधत असू. पोट बिघडले आहे, उपवास आहे. हमीदभाईंनी एक थर्मास घेतला. कुणाच्या ओसरीवर बसले की ते तो पिशवीतून काढत, यजमानांकडून त्यांचाच कप मागून घेत, त्यात पहिला चहा यजमानांना देत आणि स्वतः थर्मासच्या झाकणातून पीत. "चहा माझा, कप तुमचा, घर तुमचं. आता पाहुणा कोण ते तुम्हीच ठरवा." त्यांचा चहा भलताच गोड असे. न्हावऱ्याकडच्या एका आजीबाईंनी घोट घेऊन विचारले होते, "भाई, च्या हाय का गुलाबजामचा पाक?" साखर त्यांना वर्ज्य होती, डॉक्टरांनी कधीचीच सांगितलेली. ते ऐकत नसत.

घोडकाठी एक कृषी पर्यटन केंद्र निघाले. हमीदभाई एका रविवारी स्वतः तिकीट काढून तिथे गेले. केंद्रात ‘मेंढपाळांचा तळ’ म्हणून एक कोपरा होता. घोंगडी, काठी, पागोटे, काही मेंढ्या आणि एक म्हातारे आबा. शहरातून आलेली मंडळी त्यांच्या शेजारी बसून फोटो काढून घेत. हमीदभाईंनी त्या आबांना ओळखले. ते भिवाआबा, त्यांच्याच दुकानातून जाड भिंगांचा चष्मा नेणारे. त्यांच्या वाडवडिलांनी मेंढरे राखली होती खरी, पण भिवाआबा कांदा पिकवत, ठिबकवर. नातू कारेगावच्या बाजूला कंपनीत कामाला.

"आबा, चष्मा कुठाय?" हमीदभाईंनी विचारले.

"मेंढरं राखणाऱ्याला चष्मा शोभत न्हाई म्हणत्यात. फोटूत चकाकतो."

"मग दिसतं का?"

"तुमी दिसताय की. मेंढरू कंचं आन् धोंडा कंचा, तेवढं इचारू नका."

नंतर ते आबा नदीकडच्या पायऱ्या पायाने चाचपत उतरताना हमीदभाईंनी पाहिले, आणि त्यावर लेख लिहिला. त्यात आरडाओरडा नव्हता. एका माणसाला भूतकाळासारखे दिसण्यासाठी वर्तमान पाहायचे सोडावे लागते, एवढेच त्यांनी दाखवले होते. लिहिण्याआधी ते भिवाआबांच्या वस्तीवर जाऊन विचारून आले. "लिव्हा," आबा म्हणाले, "पर कांद्याचं बी लिव्हा." केंद्राच्या व्यवस्थापकालाही त्यांनी फोन करून त्यांची बाजू मागितली. ती मिळाली नाही.

लेख तपासायला माझ्याकडे आला. वाचून मी शेवटाशी अडखळलो. खाली ओळ नव्हती. त्या केंद्रावर शनिवार-रविवारी पाहुण्यांचे फोटो काढण्याचे काम आसिफकडे होते, हे मला ठाऊक होते. मी दौंडला गेलो. हमीदभाई एका चौकटीत भिंग बसवत होते.

"खाली ओळ राहिली, हमीदभाई."

"राहिली न्हाई. मीच ठेवली न्हाई." त्यांनी वर पाहिले नाही. "आसिफ कुणाचा पोरगा, हे त्या मालकाला म्हाईत न्हाई. ती ओळ टाकली की त्याला कळतं."

"आणि उद्या दुसरीकडून कळलं तर? म्हणतील, मुलाचं काही बिनसलं म्हणून बापानं लिहिलं. मग आबांचा चष्मा राहील बाजूला."

त्यांनी भिंग उजेडासमोर धरले. बराच वेळ धरून ठेवले. मग म्हणाले, "संपादकसाहेब, ही ओळ वाचणाऱ्यांसाठी हाय का तुमच्यासाठी?"

"नियमासाठी," मी म्हणालो.

त्या उत्तराकडे मी या काही आठवड्यांत पुन्हा पुन्हा वळून पाहिले आहे. वाचकाला सगळे कळले पाहिजे असे मला मनापासून वाटत होते, हे खरे. केंद्राचे मालक बड्या ओळखींचे आहेत, ते उद्या माझ्या दारात आले तर आमची पाटी कोरी असावी असे वाटत होते, हेही खरे. यांतले आधी काय वाटले, ते मला सांगता येत नाही. पण त्याहून मोठी गोष्ट दुसरीच आहे. आम्ही भिवाआबांना विचारले होते. ज्यांच्याविरुद्ध लिहायचे त्यांनाही विचारले होते. ज्याचे काम त्या एका ओळीवर टांगलेले होते, त्या आसिफला आधी विचारावे, हे मात्र आमच्या धोरणात नव्हते, आणि धोरणात नाही म्हणून माझ्या मनातही आले नाही. हमीदभाईंनी ओळ लिहिली: ‘या केंद्रात माझा मुलगा छायाचित्रे काढतो.’ लेख प्रसिद्ध झाला. त्याच आठवड्यात मालकांनी आसिफला फोन केला. "तुझा बाप लिहितो व्हय? मग फोटो बी त्यालाच काढू दे."

त्यानंतर घरात अबोला आला. आसिफ बाप उठायच्या आधी बाहेर पडे आणि बाप जेवून उठल्यावर जेवायला बसे. हमीदभाई दुपारच्या चहालाही घरी जाईनासे झाले. रविवारपुरता असलेला थर्मास रोज दुकानात दिसू लागला. हे सगळे मला मंगलताईंकडून कळे. मला जायचा धीर होत नव्हता. शेवटी गेलो, तीच आमची शेवटची भेट. त्यांनी मला कप दिला, स्वतः झाकण घेतले. मी घोट घेतला आणि चमकून त्यांच्याकडे पाहिले. चहात साखर नव्हती.

"बघताय काय," ते म्हणाले. "घरात कुणाला तरी माझ्या साखरेची काळजी पडलीय आजकाल." आणि हसले. त्या हसण्यात मला त्या दिवशी फक्त थकवा दिसला. मी माफीचे काही बोलू लागलो, तर त्यांनी हात वर केला. "ओळ बरोबर व्हती. ते सोडा." पुढे काही तरी सांगायचे असावे असे ते क्षणभर थांबले... मग गिऱ्हाईक आले.

ते गेल्यानंतर काही दिवसांनी केंद्राच्या मालकांचा मला फोन आला. आवाज अगदी मऊ. "अण्णा, वाईट वाटलं. माणूस सरळ होता. पण आता लिहिणाराच राहिला नाही म्हटल्यावर त्या लेखाला धनी कोण?"

"लेख लेखकाचाच असतो. आमचा तसा नियम आहे."

"मेल्यावर काय करायचं, ते लिहिलंय का तुमच्या नियमात?"

लिहिलेले नव्हते. ते ओळखून त्यांनी पुढचे सांगितले. आसिफशी त्यांचे बोलणे झाले होते. त्याने लेख काढून घ्यावा आणि शनिवारपासून कामावर यावे. "पोराच्या पोटाचा प्रश्न आहे अण्णा, तुम्ही आडवे येऊ नका."

आम्ही सगळे छापखान्यात जमलो. एक जण म्हणाला, लेख हलता कामा नये, नाहीतर उद्या ज्याच्याविरुद्ध लिहिले तो प्रत्येक जण आपल्या मरणाची वाट बघेल. दुसरा म्हणाला, मग त्या मुलाने काय खायचे? शेवटी मंगलताई म्हणाल्या, "हमीदभाईंचं जे काही मागं राहिलं ते आसिफचं. लेख पण. तो काढ म्हणाला तर काढायचा, आणि अण्णा, तुम्ही त्याला समजावायला जायचं नाही." मी मान डोलावली. घरी जाताना मला एक गोष्ट जाणवली आणि मी रस्त्यातच थांबलो. आसिफने लेख काढून टाकावा, अशी माझ्याच मनात कुठेतरी इच्छा होती. लेख गेला असता तर त्याखालची ओळही गेली असती.

आसिफ एका सकाळी आला. मी समोरच्या हॉटेलात चहा सांगायला उठलो, तर म्हणाला, "नको काका. एका कामासाठी आलोय." आणि त्याने पिशवीतून थर्मास काढला. तोच. "कप तेवढा द्या." मी कप दिला. त्याने माझ्यासाठी चहा ओतला, स्वतःसाठी झाकणात घेतला, पण प्यायला नाही.

"मालकांचा फोन आलता. म्हणले, वारस तूच हायेस, काढून टाक."

"लेख आता तुझा आहे. तू म्हणशील तसं होईल," मी म्हणालो. एवढेच बोलायचे असे ठरवले होते.

"म्या तो अजून वाचलाच न्हाई. दावा."

मी कॉम्प्युटरवर लेख उघडून दिला आणि खिडकीशी जाऊन उभा राहिलो. लेख छोटा आहे; पण आसिफने तो पुरा वाचला, पुन्हा वर नेला, पुन्हा वाचला. मला वाटले, आता तो खालच्या ओळीशी येईल आणि माझ्याकडे वळेल. तो वळला, पण बोलला ते वेगळेच.

"ह्यात चष्म्याचं पुढचं न्हाई."

"पुढचं म्हणजे?"

"फोटोच्या वेळी आबा चष्मा काढायचे आन् माझ्याकडं द्यायचे. अब्बा आले त्या दिवशी चष्मा माझ्या शर्टाच्या खिशात हुता. त्यांनी बघितला. फ्रेम त्यांनीच दिलेली, ते वळखणार न्हाईत व्हय? काम गेलं त्याचं वाईट वाटलं, न्हाई असं न्हाई. पर मला वाटलं, अब्बांनी त्ये बी लिव्हलं असंल. समद्या जगाला दावलं असंल, की चष्मा माझ्याच पोराच्या खिशात हुता. म्हणून वाचला न्हाई. त्यांच्याम्होरं बी गेलो न्हाई."

दुकानात भिंग उजेडासमोर धरून बसलेले हमीदभाई मला दिसले. ती ओळ लिहायला ते का कचरत होते, याचे अर्धेच कारण त्यांनी मला सांगितले होते. मी नियम सांगत होतो आणि ते मुलाचा खिसा झाकून धरत होते. सगळे सांगणारा माणूस म्हणून आम्ही त्यांना मानत आलो, आणि तो माणूस तेवढे एक सांगत नव्हता. लेखकाचे स्वातंत्र्य या शब्दांत मी आजवर सांगण्याचेच स्वातंत्र्य पाहत आलो होतो...

"मी आग्रह धरला होता त्या ओळीचा," मी म्हणालो. "तुला आधी विचारायला हवं होतं."

"इचारलं असतं तर भांडलो असतो," आसिफ म्हणाला. "पर इचारायला पायजे हुतं."

मग तो पुन्हा पडद्याकडे वळला. "लेख राहू द्या. खालची ओळ आता खरी न्हाई. म्या तिथं काम करत न्हाई आन् करणार बी न्हाई. दुरुस्ती करायची तर कारण द्यावं लागतं ना तुमच्यात? द्या मग." मी लिहिले आणि त्याला वाचून दाखवले: लेख प्रसिद्ध झाल्यावर लेखकाच्या मुलाचे या केंद्रातील काम बंद करण्यात आले; लेख काढल्यास ते परत देऊ, असे केंद्राकडून त्याला सांगण्यात आले; लेख काढलेला नाही. त्याने मान हलवली. चष्म्याचेही घालू का, असे मी विचारले नाही. ते हमीदभाईंनी बाहेर ठेवले होते, आणि त्यांचा एक शब्द हलवण्याचा अधिकार मला नव्हता, तसा एक वाढवण्याचाही नव्हता. आज मी ते इथे लिहितो आहे ते आसिफला विचारून.

तेव्हा कुठे मी कप उचलला. चहा निवला होता. घोट घेतला, आणि हात तसाच राहिला. चहात साखर नव्हती.

"हा चहा घरी कोण करतं?" मी विचारले.

"ह्यो? म्याच. अब्बांचा थर्मास रोज सकाळी म्याच भरून ठिवायचो. घरात बाकी समदे साखर टाकत्यात, त्यांनी मागितली की आजून टाकत्यात. म्हणून म्या करायचो." झाकणाकडे बघत म्हणाला, "बोलत न्हवतो, पर भरायचो. त्यांना म्हाईत न्हवतं."

मी त्याला शेवटच्या भेटीतले ते वाक्य सांगितले. घरात कुणाला तरी माझ्या साखरेची काळजी पडलीय. कसे म्हणाले तेही सांगितले, आणि हसले होते तेही. आसिफने झाकणातला चहा एका घोटात पिऊन टाकला. मग ते झाकण थर्मासवर फिरवत राहिला, ते घट्ट बसल्यावरही.

धोरणात आता एक वाक्य वाढले आहे. लेखामुळे ज्याला झळ बसू शकते, त्याला आधी सांगावे. ते मंगलताईंनी घातले, मी फक्त टंकले. केंद्रातला मेंढपाळांचा तळ चालूच आहे असे ऐकतो. भिवाआबा तिथे नाहीत. आबा सांत्वनाला, पुरसा द्यायला दौंडला आले होते, डोळ्यांवर जाड चष्मा. "मला आता बलवत न्हाईत तिथं," ते आसिफला म्हणाले, "बरं झालं, घरातली माणसं तरी दिसाय लागली."

हमीदभाईंचे पान तसेच आहे, खाली दोन ओळी असलेले. आसिफने स्वतःसाठी पान मागितलेले नाही आणि मीही विचारलेले नाही. परवाच्या रविवारी मंगलताईंना तो न्हावऱ्याच्या रस्त्याला दिसला, बापाच्या स्कूटरवर, भिवाआबांच्या वस्तीकडे निघालेला. कॅमेरा होता का, मी विचारले. तो त्यांनी पाहिला नव्हता. पुढच्या हुकाला थर्मासची पिशवी मात्र अडकवलेली होती, आणि उताराला ती हलू नये म्हणून त्याने ती दोन्ही गुडघ्यांमध्ये धरली होती, असे त्या म्हणाल्या. हमीदभाई तशीच धरत.